एकाच वर्षाचा अभ्यासदौरा: इ.स.पू. ७०१ (लाखीश, यरुशलेम, बीरशेबा)

रानवाट

बायबलमधली स्थळं पाहायला इस्राएलला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. नासरेथ, कफर्णहूम, यरीहो, मसादा, मृत समुद्र, बेथलेहेम, यरुशलेम. बसमधून उतरायचं, वाटाड्याचं ऐकायचं, फोटो काढायचे, पुन्हा बस. यात्रा म्हणून त्यात काहीच गैर नाही. अभ्यासाला गेलेल्या माणसाच्या हाती मात्र त्यातून फार थोडं लागतं. एकेका टेकाडात दोन-तीन हजार वर्षांचे थर असतात आणि आपण त्यातल्या कुठल्या थरावर उभे आहोत हेच उमगत नाही.

म्हणून आमच्या गटाने आधी वर्ष ठरवलं आणि मग त्या वर्षाच्या खुणा जिथे आहेत तेवढ्याच जागा घेतल्या. गटात इतिहास शिकवणारे होते, धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते, एक निवृत्त स्थापत्य अभियंताही होते. वर्ष इ.स.पू. ७०१. इ.स.पू. ७०५ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) राजा सार्गोन मारला गेला आणि मांडलिकांनी खंडणी बंद केली. त्यात यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्याचा राजा हिज्कीयाही होता. सार्गोनचा मुलगा सन्हेरीब सैन्य घेऊन आला, यहूदाची गावंच्या गावं जाळली, यरुशलेम मात्र त्याच्या हाती पडलं नाही.

हेच वर्ष का, तर त्याचे साक्षीदार चार बाजूंनी येतात. बायबलच्या पुस्तकांपैकी २ राजे (अध्याय १८-१९), २ इतिहास (३२) आणि यशया (३६-३७) यांत ते आहे. सन्हेरीबची स्वतःची बखर भाजक्या मातीच्या बहुकोनी स्तंभांवर कोरलेली आहे. त्याच्या निनवेच्या राजवाड्यातले लाखीशच्या वेढ्याचे शिल्पपट ब्रिटिश उत्खनक लेयार्डने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शोधले, ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि चौथी साक्ष मातीची.

लाखीश यरुशलेमच्या नैर्ऋत्येला आहे. यरुशलेमखालोखाल यहूदातलं सर्वांत मोठं गाव. टेकाडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दगडांचा एक उतरता ढीग दिसतो. घाईत असलात तर बाजूने निघून जाल. तटावर धडका देणारी यंत्रं चढवण्यासाठी अश्शूरच्या सैन्याने रचलेला हा चढाव आहे. असिरियन वेढ्याचा असा चढाव उत्खननात सापडलेला हा एकच. आम्ही शिल्पपटांच्या मोठ्या छापील प्रती बरोबर नेल्या होत्या, त्या चढावाच्या पायथ्याशी पसरून बसलो. पटात चढावावर ओंडके अंथरलेत, त्यावरून यंत्रं वर चाललीत, तटावरून पेटते पलिते पडताहेत, आणि यंत्रातला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या तोंडावर पाणी ओततोय, आग लागू नये म्हणून. जरा बाजूला पाडाव झालेली कुटुंबं बाहेर पडताहेत. बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर बायका-मुलं. तिघांना सुळावर चढवलंय. इतकं बघून मान वर केली की समोर तोच कोपरा, तोच उतार.

तटाच्या आतल्या बाजूला गावकऱ्यांनीही भराव घातला होता, म्हणजे तट कोसळला तरी मागे दुसरी आघाडी उभी राहावी. या भागात लोखंडी बाणांची टोकं शेकड्यांनी मिळाली, गोफणीचे गुंडे मिळाले, लोखंडी साखळीचा एक तुकडा मिळाला. धडक देणारा ओंडका साखळीने अडकवून खेचायचा प्रयत्न असावा, असा उत्खनकांचा तर्क आहे. पटातल्या कलाकाराने जिंकणाऱ्याची बाजू कोरली. हरणाऱ्यांनी काय काय करून पाहिलं, ते मातीत राहिलं.

वेशीतलं देवघर फार बघण्यासारखं आहे. २०१६ मध्ये त्याची बातमी आली होती. दोन छोट्या वेद्या, त्यांची कोपऱ्यावरची शिंगं मुद्दाम छाटलेली, आणि त्याच जागेत दगडी शौचासन. हिज्कीयाने गावोगावची पूजास्थानं मोडली असं २ राजे १८ सांगतं, त्याच्याशी उत्खनकांनी हे जोडलं. काही अभ्यासकांना तो दगड शौचासन वाटतच नाही. आमच्यात यावरून चांगली जुंपली.

पुढचं यरुशलेमचं आणि बीरशेबाचं सवडीने लिहिते. प्रश्न जरूर विचारा.

---

हिरवा चाफा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

माळरान

विषय छान मांडलाय, पण एक शंका स्पष्टच विचारतो. हे सगळं शेवटी बायबल खरं ठरवण्यासाठीच चालतं ना? आपल्याकडेही पुराणातली गावं खणून 'सिद्ध' करण्याचा उत्साह असतो. निष्कर्ष आधी आणि कुदळ नंतर, असं होत नाही का?

---

रानवाट

माळरान, शंका रास्तच आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात तसंच चालायचं. यरीहोचं उदाहरण घ्या. पुरातत्त्वज्ञ गार्स्टँगने १९३० च्या दशकात पडका तट शोधला आणि बायबलमधल्या यहोशवाच्या स्वारीत पडला तो हाच, असं जाहीर केलं. कॅथलीन केन्यनने १९५२ ते ५८ या काळात तिथे पुन्हा खणलं. तो तट यहोशवाच्या मानलेल्या काळापेक्षा किती तरी शतकं जुना निघाला, आणि त्या काळात तिथे तटबंदीचं शहर असल्याचा पुरावाच मिळाला नाही.

७०१ मला जवळचं वाटतं ते याचसाठी. इथे साक्षी जुळतातही आणि भांडतातही. २ राजे १८:१४ मध्ये हिज्कीयाने ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं दिलं असं आहे. सन्हेरीबच्या बखरीत सोनं तेवढंच, ३०, पण चांदी ८००. बखर म्हणते यहूदाची ४६ तटबंद गावं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र ती कुठेही म्हणत नाही. इतका बढाईखोर राजा तिथे गप्प बसतो, ही मोठीच साक्ष आहे. बायबल म्हणतं, देवदूताने एका रात्रीत १,८५,००० मारले. हे कुठल्या खड्ड्यात सापडणार? ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने या राजाची वेगळीच कथा ऐकली होती. इजिप्तच्या सीमेवर उंदरांनी सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या म्हणे. वेढा का उठला याचं उत्तर मातीने दिलेलं नाही, आणि तिच्याकडून वदवून घेऊही नये.

आमचा नियमच होता: जागेवर आधी फक्त दिसतं ते नोंदवायचं, नंतर शास्त्रवचन उघडायचं.

---

वसईची वाट

ताई, मी दोनदा धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर पवित्र भूमीला जाऊन आलेय. दोन्ही वेळा लाखीश नव्हतंच. ते शुभवर्तमानात येत नाही, म्हणून कोणी नेत नसावं. तुमचा लेख वाचून यशया पुन्हा काढला. मला एक विचारायचंय, गटात श्रद्धावंत आणि अश्रद्ध दोन्ही असतील. आधी माती मग वचन, या नियमाचा श्रद्धावंतांना त्रास नाही झाला?

---

रानवाट

उलट त्यांनाच जास्त मिळालं, असं माझं मत. यरुशलेमच्या ज्यू मोहल्ल्यात रस्त्याच्या पातळीखाली 'रुंद तट' उघडा ठेवलाय. नाहमान अविगाद यांनी १९७० च्या सुमारास तो शोधला. सुमारे ७ मीटर जाडी. आम्ही कठड्यावरून बराच वेळ नुसतं बघत होतो. मग एकीच्या लक्षात आलं की तटाच्या पायाखाली घराच्या भिंती आहेत आणि तट त्यांना सरळ कापत गेलाय. म्हणजे वस्तीतली घरं पाडून घाईने बांधलेला तट. एवढं नोंदवून झाल्यावर यशया २२:१० वाचलं. तुम्ही यरुशलेमातली घरं मोजलीत आणि तट भक्कम करायला घरं पाडलीत, असा तिथे आरोप आहे. धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणाला, संदेष्ट्याचा राग मला आज पहिल्यांदा समजला, ज्यांची घरं गेली त्यांच्या बाजूने तो बोलतोय. आधी वचन वाचून तिथे गेलो असतो तर त्या भिंतींकडे आमचं लक्ष गेलं असतं की नाही कोण जाणे.

---

कातळकडा

गटातला स्थापत्य अभियंता मीच. बोगद्याबद्दल मी लिहितो, रानवाटताईंची परवानगी गृहीत धरून.

गीहोन हा यरुशलेमचा बारमाही झरा, आणि तो जुन्या तटाच्या बाहेरच्या उतारावर. वेढा पडला तर पाणी शत्रूला मिळणार. म्हणून झऱ्याचं तोंड झाकून पाणी डोंगराच्या पोटातून दुसऱ्या बाजूच्या शिलोह तळ्यात नेलं. २ राजे २०:२० आणि २ इतिहास ३२:३० मध्ये हे काम हिज्कीयाच्या नावावर आहे. लांबी ५३३ मीटर. दोन टोकांमधलं सरळ अंतर साधारण ३२० मीटर, म्हणजे बोगदा इंग्रजी एस अक्षरासारखा वळत जातो. दोन्ही टोकांकडून दोन टोळ्यांनी खणला आणि मध्ये भेटले. पाण्याची एकूण उतरण सुमारे ३० सेंटिमीटर! म्हणजे पावणेदोन हजार मीटरला एक मीटर असा उतार. माझी नोकरी कालव्यांवर गेली, असा उतार साधायला आम्हाला दुर्बीण आणि पट्टी लागायची.

आत मांडीपर्यंत गार पाणी, अंधार, काही ठिकाणी वाकून चालावं लागतं. भिंतीवर हात ठेवून गेलात तर टिकावाचे घाव बोटांना लागतात. मध्यावर, जिथे टोळ्या भेटल्या, तिथे घावांची दिशा उलटते. त्याच्या अलीकडे-पलीकडे चुकून सुरू करून सोडून दिलेले फाटे आहेत. मी तिथे विजेरी विझवून थोडा वेळ उभा राहिलो. मागच्यांचं बोलणं कातळातून इतकं स्पष्ट येत होतं की आवाजाच्या रोखाने शेवटचे काही हात खणले हे मला पटलं.

खणणाऱ्यांनी हेच लिहून ठेवलंय. १८८० मध्ये शिलोहच्या टोकाजवळ भिंतीवर लेख सापडला. तीन हात कातळ उरला असताना एकाने दुसऱ्याला मारलेली हाक ऐकू आली, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी झऱ्याकडून तळ्याकडे वाहिलं, १,२०० हात, असं त्यात आहे. राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. कामगारांच्या कामाचा लेख. कोणी तरी तो कापून काढला, आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

उताराचं कोडं: दक्षिण टोकाला छत अचानक पाच मीटरच्या आसपास उंच होतं. माणसाला इतकी उंची कशाला लागते? माझ्या मते भेट झाल्यावर तळ हळूहळू खोल करत पाण्याला वाट काढली. पाणीच त्यांची लेव्हल मशीन होती.

---

माळरान

राजाचं नावच नाही, तर मग हिज्कीयाचा कशावरून?

---

कातळकडा

रास्त प्रश्न. अक्षरांची वळणं इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरची आहेत. शिवाय २००३ मध्ये बोगद्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींचं कार्बन मापन आणि छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या निक्षेपांचं युरेनियम-थोरियम मापन प्रसिद्ध झालं, तेही इ.स.पू. ७०० च्या आसपास येतं. काही पुरातत्त्वज्ञ काम थोडं आधी सुरू झालं असं मानतात. मलाही ते पटतं. सन्हेरीब दाराशी आल्यावर असलं काम हाती घेऊन भागत नाही, त्याला वर्षं लागतात.

---

खापरखुणा

पुण्यात पुरातत्त्व शिकतेय. रानवाटताई, लाखीशमध्ये एक गोष्ट राहिली, ती मला सर्वांत आवडते.

लाखीशला जळालेले दोन थर आहेत, तिसरा आणि त्यावरचा दुसरा. दुसरा बाबेलच्या (बॅबिलोनच्या) स्वारीतला, इ.स.पू. ५८६ च्या सुमाराचा. तिसरा कधीचा, यावर अनेक दशकं वाद होता. पहिला उत्खनक स्टार्की म्हणायचा इ.स.पू. ५९७. १९३८ मध्ये वाटेत त्याचा खून झाला. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या ओल्गा टफ्नेल यांनी मग सगळं साहित्य एकहाती तपासलं. विद्यापीठाची पदवी नसलेली ही बाई. तिने पाहिलं की दोन्ही थरांतल्या भांड्यांचे आकार फारच वेगळे आहेत, दहा-अकरा वर्षांत कुंभारकाम इतकं बदलत नाही. म्हणून तिसरा थर ७०१ चा, असं तिने १९५३ मध्ये छापलं. ऑलब्राइट आणि केन्यन यांच्यासारख्या मातब्बरांनी ते मानलं नाही. १९७३ पासून डेव्हिड उसिश्किन यांनी पुन्हा खणलं आणि टफ्नेलबाईच बरोबर ठरल्या.

यातून 'राजासाठी' असा शिक्का असलेल्या घड्यांच्या कानांचाही काळ ठरला. असे कान यहूदाभर हजारांहून जास्त मिळालेत. चार पंखांचा भुंगा किंवा पंखांचं सूर्यबिंब, आणि खाली हेब्रोन, सोखो, जीफ वगैरे गावाचं नाव. ही हिज्कीयाच्या कारभाराची भांडी, तेल-द्राक्षारस साठवायची, म्हणजे वेढ्याआधीची तयारी. आम्ही पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या खापरांवरून माळवा, जोर्वे, उत्तर जोर्वे हे काळ ओळखायला शिकतो, तेव्हा सर हेच उदाहरण देतात. तुम्ही ते कान पाहिलेत का?

---

रानवाट

पाहिले, इस्राएल म्युझियममध्ये. तिथला शेवटचा मुक्काम आम्ही मुद्दाम मोठा ठेवला होता. एका कानावर कुंभाराच्या अंगठ्याचा दाब शिक्क्याच्या शेजारी उमटलाय. सन्हेरीबच्या बखरीची एक प्रतही तिथेच आहे. हाताएवढा स्तंभ, आणि त्यावर मुंगीएवढी अक्षरं.

टफ्नेलबाईंबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या वाटाड्याने स्टार्कीची हत्या रंगवून सांगितली, त्यांचं नाव मात्र घेतलं नाही.

बीरशेबाचंही इथेच सांगते. तिथे शिंगं असलेल्या मोठ्या वेदीचे घडीव दगड कोठाराच्या भिंतीत बांधकामाचे दगड म्हणून वापरलेले सापडले. एकावर साप कोरलाय. वेदी मोडली हे नक्की. हिज्कीयाने मोडली का, हा वाद अजून आहे. मूळ दगड संग्रहालयात, जागेवर प्रतिकृती. बीरशेबाला त्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा तो गावाच्या आखणीला आणि पाण्याच्या खोल विहिरीसारख्या जिन्याला.

---

नवगाव

बीरशेबापर्यंत गेलात आणि दिमोना पाहिलं नाहीत का? जवळच आहे. आमचे निम्मे नातेवाईक तिथे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, शनवार तेली म्हणायचे आम्हाला. पन्नास-साठच्या दशकांत बरीच घरं तिकडे गेली, दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे वसली. आत्या अजून नातवंडांना मराठीतच ओरडते आणि नवसाला मलिदा करते. अभ्यासदौऱ्यात बसत नसेल, पण वाळवंटात मराठी ऐकायला मिळणं ही चीज वेगळीच.

---

रानवाट

नवगावकर, एक संध्याकाळ गेलो होतो! गटातल्या एकांच्या ओळखीचं घर होतं. आजींनी पुरणपोळी केली होती. त्यांचे यजमान हिब्रू जाणणारे. त्यांनी शिलोहचा लेख मूळ हिब्रूत वाचून दाखवला आणि मग मराठीत समजावला. सत्तावीस शतकांपूर्वीची वाक्यं ते अडखळत वाचत होते, कारण लिपी जुनी. पण लिप्यंतर हाती दिल्यावर सरळ वाचली.

---

पाणवठा

एक महत्त्वाची बाजू राहतेय. बोगदा आहे तो भाग पूर्व यरुशलेममधलं सिलवान. वर पॅलेस्टिनी कुटुंबांची घरं आहेत. बोगदा ज्यात आहे त्या पुरातत्त्व उद्यानाचं व्यवस्थापन तिथे ज्यू वस्ती वाढवणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि खालच्या खोदकामामुळे घरांना तडे जातात अशी रहिवाशांची तक्रार आहे. तिकीट काढून आत जाणाऱ्याने हे माहीत नसल्यासारखं जाऊ नये, असं मला वाटतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तर तिथे जाण्याचा विचारच जड झालाय.

---

रानवाट

पूर्ण सहमत. आमचा दौरा त्याआधीचा. सिलवानमध्ये आम्ही आदल्या दिवशी एमेक शावेह या इस्राएली पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेबरोबर वरच्या गल्ल्यांतून फिरलो. पुरातत्त्वाचा राजकीय वापर हाच त्यांच्या कामाचा विषय. एका घराच्या जिन्यावर बोट जाईल एवढी भेग होती. घरमालकाने चहा दिला आणि म्हणाला, खाली काय सापडलं ते आम्हाला बातम्यांतून कळतं. रुंद तटापाशी यशयाने पाडलेल्या घरांबद्दल केलेला आरोप वाचल्यावर सिलवानच्या घरांकडे पाठ फिरवणं मला जमलं नसतं. अभ्यासदौरा आखणाऱ्यांनी ही फेरी बोगद्याच्या आधीच ठेवावी, नंतर नको.

सध्या कोणी बेत करत असेल तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहिल्याशिवाय तिकिटं काढू नका.

---

भायखळा

आमच्यासारख्यांना जाणं परवडणारं नाही आणि आत्ता शक्यही नाही. घरबसल्या काय करता येईल?

---

खापरखुणा

भायखळा, तुम्ही तर सर्वांत जवळ आहात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले असिरियन शिल्पपट आहेत. लाखीशचे नव्हेत, सन्हेरीबच्या आधीच्या राजांचे, पण घडणावळ त्याच परंपरेतली. लेयार्डच्या उत्खननातल्या पेट्या तेव्हा बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. दाढीच्या वळ्या, दंडाचे स्नायू, पंखांची पिसं अगदी जवळून बघा. मग लाखीशच्या पटांचे फोटो ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठे करून बघा, डावीकडून उजवीकडे, वेढ्यापासून सिंहासनापर्यंत. सिंहासनावरच्या सन्हेरीबचा चेहरा विद्रूप झालेला दिसेल.

---

हिरवा चाफा

मी पण येईन संग्रहालयात. कोणी समजावून सांगणारं असेल तर दहा-बारा जण सहज जमतील.

---

रानवाट

खापरखुणा तयार असतील तर मी नाशिकहून येते, कातळकडा काकांनाही ओढून आणते. येणाऱ्यांनी २ राजे १८ आणि १९ ही दोन प्रकरणं वाचून यावीत, जास्त काही नको. पटांसमोर मात्र पहिला अर्धा तास कोणी काही वाचायचं नाही, फक्त दिसतं ते वहीत लिहायचं. तारीख ठरली की इथेच कळवते.